घोडे किती, ते सांग

कुणी आपला हुद्दा सांगितला की वझे सर म्हणत, "ते राहू दे. घोडे किती, ते सांग." नागपूरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून ते अमेरिकेत केंब्रिजला मुलाकडे आले, पण मोगल दरबार काही त्यांनी मागे सोडला नव्हता.

आमच्या मराठी मंडळात हुद्द्यांना तोटा नव्हता. मी उपाध्यक्ष. म्हाताऱ्या माणसांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला माझी आठ माणसं आहेत, असं मी यादीत ठोकून दिलं होतं. पहिल्या मोठ्या बर्फात आलो दोघंच, सर आणि मी. मूळच्या वसईच्या पिंटो आंटींना डायलिसिसला नेणारी व्हॅन दारापर्यंत पोचलीच नाही, परत गेली. आंटींचं त्या दिवसाचं डायलिसिस बुडालं, त्याची मला फार लाज वाटली.

सरांनी मला मनसबदारांची गोष्ट सांगितली. जेवढे घोडेस्वार पदरी, तेवढा हुद्दा नि तेवढा पगार. हे बहाद्दर तपासणीपुरते घोडे उसने आणत. एकच घोडा दोघांना दाखवता येऊ नये म्हणून अकबराने घोड्यांना दाग देणं, म्हणजे डागून खूण करणं, सक्तीचं केलं.

पुढच्या ऑक्टोबरात सरांनी आपल्या गॅरेजमध्ये दोन दिवस हजेरी ठेवली. प्रत्येकाने आपल्या माणसांची फावडी आणायची, सर दांड्यावर लाल पट्टा ओढणार. मी अतिशहाणा. माझं एक आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सात अशी आठ नेली. त्यांतल्या पाच दांड्यांवर पट्टा आधीच होता, घाईत मी पाहिलाच नव्हता. आदल्या दिवशी आमचे खजिनदार तीच उसनी घेऊन येऊन गेले होते.

"तुझी मनसब आजपासून एकाची," सर शांतपणे म्हणाले.

मी तणतणत घरी गेलो. पण रविवारी त्याच शेजाऱ्यांची दारं पुन्हा वाजवली. या वेळी फावडी नाही, माणसं मागितली.

जानेवारीत गुडघाभर बर्फ पडला. सकाळी सहाला आंटींच्या दारात आम्ही आठ जण होतो. सातला व्हॅन थेट पायरीपाशी लागली. आंटी म्हणाल्या, "बाबा, आज टाइमवर जाणार मी." मला इतका आनंद उपाध्यक्ष झालो तेव्हाही झाला नव्हता.

सरांनी सवयीने दांडे तपासले. तिघांची फावडी कोरी होती. मी रंग आणू का म्हणून विचारलं.

"माणसं समोर उभी आहेत, आता दाग कशाला?" सर म्हणाले, आणि स्वतः फावडं उचललं.

सर गेल्याला दोन हिवाळे झाले. आंटींची व्हॅन एकदाही परत गेलेली नाही.