मुरमाखालची माती

“वहिनी, माती भट्टीवाल्यानं कवाच नेली. आता सगला मुरूमच हाय. गोडाऊनला दे नि मोकली हो.”

बांधावर काकूंचा दीर त्यांना हे हळूच सांगत होता. पण मी खाली खड्ड्यात होते, आणि खड्ड्यात सगळं ऐकू येतं.

“पोरीला खनू द्या की, भावजी. गोडाऊन काय पलून चाललाय?” काकू म्हणाल्या.

पूर्णा गावातलं हे शेत दोघांचं सामाईक. शेजारच्या शेतात गोदाम झालं नि काकू पॅकिंगच्या कामाला जायला लागल्या, तेव्हापासून ते पडीक होतं. त्यांना पुन्हा भात लावायचा होता, दिराला जागा गोदामाला द्यायची होती. मातीच्या सर्वेक्षणाला आलेल्या आमच्या पथकाचा मृदा नकाशा काय सांगतो ते बघून ठरवायचं, असं घरात बोलणं झालं होतं. पथकातल्या माझ्या सरांनी तीन ठिकाणी मातीचा नमुना काढायचं गिरमिट फिरवलं. तिन्ही वेळा ते मुरमातल्या दगडांवर अडलं. वरची माती वीटभट्टीला विकायची इथे रीतच आहे, त्यामुळे सरांनाही दिराचं पटलं होतं.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं. थर, पोत, निचरा हे शब्द अजूनही मी बोलण्याआधी मनात एकदा म्हणून बघते. खड्ड्याची भिंत वाचताना मात्र मी अडखळत नाही. सुरीने ती वरून खाली खरवडत गेले.

खडक झिजून मुरूम होतो, मुरूम झिजून माती. त्याला हजारो वर्षं लागतात, आणि म्हणूनच माती वर असते, मुरूम खाली. इथे मात्र वर गुडघाभर मुरूम होता, आणि तो संपला एकदम, सरळ रेषेत. त्या रेषेवर जांभळ्या पॉलिस्टर सुताचा गुंता दबलेला होता, लूमखालून झाडून टाकतात तसा. धामणकर नाक्याजवळ, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला तो ओळखू येतोच. त्याच्या खाली काळसर चिकणमाती, आणि जुन्या भातमुळांभोवती गंजासारख्या तांबूस रेघा. पाणी साचणाऱ्या खाचरातच त्या पडतात.

वर सर ‘भाताला अयोग्य’ असं लिहायला लागले होते. दीर मोबाइल काढून कुणाला तरी फोन लावत होता.

मी खड्ड्यातूनच म्हणाले, “सर, ते लिहू नका. हा मुरूम भरावाचा आहे, शेजारचं गोदाम झालं तेव्हा टाकलेला. माती कुणी नेलेली नाही. काकू, खाली उतरा, हात लावून बघा. मुरूम उचलला की भात होईल इथे.”