कोकमतेलाची वेणी

सासरची माझी पहिली संक्रांत मी चुलीकडे पाठ करून, विरघळायची वाट बघत काढली.

त्याचं असं झालं. सोलापुरात चौथीत असताना माझी शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि मी थेट रत्नागिरीत येऊन पडले. (घाट उतरताना मोटारीत पोटातलंही सगळं पडलं, पण तो विषय वेगळा.) सासरची माणसं फार चांगली. इतकी चांगली, की मला रात्रंदिवस धास्ती! हिला काही येत नाही हे यांना कळलं, तर? कुणी "जेवलीस का गो?" एवढं विचारलं तरी मला रडू यायचं, आणि कुणी काहीच विचारलं नाही तर जास्तच यायचं.

दाखवण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती. केस! चांगले गुडघ्याकडे निघालेले. सासूबाईंनी आळीभर सांगून ठेवलं होतं, "सून एकवेळ मुकी वाटेल, पण वेणी बघा!" हे पूर्णगडच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंच्या नणंदेला, मुळीच पटलं नव्हतं. त्यांना आपल्या दिराची मुलगी या घरात द्यायची होती. लग्नाच्या मांडवातच त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, एवढे केस कुठे असतात हो? गंगावन असेल! विकतचे केस आणून जोडतात घाटावर."

सासूबाई पेटल्याच. "वन्सं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या. चारचौघींत ओढून बघा!"

ओढायचं ते माझंच डोकं, पण मला कोण विचारतंय!

आणि नेमकी पौषात थंडी पडली. रत्नागिरीची थंडी म्हणजे सोलापूरच्या माणसाला हसू येण्यासारखी. पण माझे केस हसले नाहीत. ते कोरडे पडले, पिंजारले, आणि बघता बघता सुंभासारखे दिसायला लागले. आत्याबाईंनी बघितलं असतं तर गंगावनसुद्धा हलक्या दुकानातलं म्हणाल्या असत्या! सासूबाई खोबरेल द्यायच्या ते तळहाताच्या खळग्यात, मोजकं. आणखी मागायची माझी छाती नव्हती.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी सासूबाई पूजेला बसल्या आणि मला फडताळात दोन पांढरे गोळे दिसले. मुठीएवढे, घट्ट, तेलकट. मी लगेच ओळखलं. (माझं ओळखणं हे असंच.) सोलापुरात थंडीत खोबरेल बाटलीत दगड होऊन बसायचं आणि आई ती बाटली उन्हात ठेवायची. इथे तर नारळांचं राज्य! एवढ्या तेलाला बाटल्या कुठून पुरणार? गोठलं की बिचारे लाडू वळून ठेवत असतील!

मी दोन्ही लाडू पातेलीत वितळवले. दोन्ही! कोमट झाल्यावर मुळापासून टोकापर्यंत चोळले, घट्ट वेणी घातली आणि पाणी भरायला विहिरीवर गेले. बाहेर मस्त गार वारा होता. दोन घागरी होईपर्यंत डोकं जड लागायला लागलं. तिसऱ्या घागरीला वाकले ती सरळ झाले, पण वेणी वाकलेलीच राहिली! विंचवाच्या नांगीसारखी वर. दाबली तर दबेना. घरात शिरताना ती दाराच्या चौकटीला लागली आणि आतून सासूबाई म्हणाल्या, "कोण आहे? कडी कशाला वाजवता?"

मी पदर घेतला. पदराला मागे तंबू झाला. माजघरात हे भेटले. हे कोर्टात नोकरीला, आणि त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती ना! त्यांना काकुळतीनं दाखवलं. त्यांनी बोटानं वेणी ठोकून बघितली आणि म्हणाले, "पॉलिश छान बसलंय."

दुपारी बायका जमल्या. आत्याबाई सर्वांच्या पुढे. हलव्याची बिंदी माझ्या केसांत अडकवायला त्यांनी आकडा टोचला. आकडाच वाकला! त्यांनी माझा पदरच ओढला.

"अगो बाई! वहिनी, ही वेणी आहे की खुंटी?"

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"मी म्हटलं नव्हतं? गंगावन! आणि तेसुद्धा लाकडाचं!" म्हणत आत्याबाईंनी दोन्ही हातांनी वेणी धरली आणि विहिरीचा दोर ओढावा तशी ओढली.

मी जी किंचाळले, ती म्हणे मांडवीच्या बंदरापर्यंत ऐकू गेली.

"आलं हातात?" सासूबाई गरजल्या. "ओढा वन्सं, आणखी ओढा! गंगावन असतं तर एव्हाना निघालं असतं!"

आत्याबाईंनी आणखी ओढलं. सासूबाई जिंकत होत्या, आत्याबाई हरत होत्या, आणि मी मध्ये मरत होते. शेवटी आत्याबाईंनी दमून हात सोडले, ते नाकाशी नेले आणि ओरडल्या, "अगो, हे कोकमतेल! गार झालं की मेणासारखं थिजतं ते! टाचांच्या भेगांना म्हणून मी पूर्णगडहून पाठवलेलं! हिनं ते डोक्याला फासलं?"

"ते... मला वाटलं... खोबरेलाचे लाडू," मी म्हटलं.

पुढे किती वेळ बायका हसत होत्या कोण जाणे! एकीच्या हातातली तिळगुळाची वाटी पालथी झाली. मला उचलून चुलीकडे पाठ करून बसवलं आणि वेणीखाली परात ठेवली. मग तेल पाझरायला लागलं, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून एकेक जण पुढे सरकून बोटं बुडवायची आणि आपापल्या टाचांना चोळायची. संक्रांतीला बायका वाण लुटतात. आमच्याकडे सून लुटली!

जाताना आत्याबाईंनी चकचकीत टाचा वहाणांत घातल्या, माझ्याकडे निरखून बघितलं आणि साऱ्यांदेखत म्हणाल्या, "केस खरेच आहेत हो वहिनी. खोटं काही असेल तर ते केसांच्या खाली!"

सासूबाईंचा शब्द राहिला, माझे केस खरे ठरले! मी इतकी हरखले, की तेल गळत असतानाच उठून आत्याबाईंना वाकून नमस्कार केला.

त्यांच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला शिमग्याच्या सुमारास लागला.