तवनाप्पाची गार खोली

हळदीचं कांड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तवनाप्पा सख्ख्या भावाच्या पोत्यालाही हात लावत नसे. सांगलीच्या हळदपेठेत त्याचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. गवळ्यानं दूध घातलं की भांड्यात बोट बुडवून बघायचं, न्हाव्यानं वस्तरा काढला की आधी त्याची धार बघायची. बाप लवकर गेला आणि भागीदारानं दुकानातला माल परस्पर हलवला, तेव्हापासून पोराच्या मनात हे शिरलं, असं त्याची आई आक्काताई सांगे.

या आक्काताईला उन्हाळा सोसत नसे. अंगभर पुरळ उठे, दम लागे. खिडकीला वाळ्याचे पडदे लावून पाणी मारलं तरी भागेना. दुसरं महायुद्ध संपलं आणि पुण्याकडं लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं. त्यात खोली गार करणारं अमेरिकन मशिन आहे असं कानावर येताच तवनाप्पा स्वतः गेला. जन्मात पहिल्यांदाच फार न तपासता त्यानं एक वस्तू घरी आणली. आईसाठी.

मशिन बसवायला मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यातला आकाराम आला. हा मूळचा म्हसवडकडचा. लढाईत इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात अशीच मशिनं सांभाळून आलेला. माडीवर आक्काताईच्या खोलीच्या खिडकीत मशिन घरघरू लागलं, तशी शेजारची माणसं गार वारं अंगावर घ्यायला येऊन गेली.

थोडे दिवस बरे गेले. मग मशिनचं दुखणं सुरू झालं. दुपारी तवनाप्पा पेठेत निघे तेव्हा खोली गार असे. जैनांच्या रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवायला परते, तर खोली भट्टीसारखी! आतल्या नळ्यांवर पांढराफेक बर्फ चढलेला, आणि तो वितळून भिंतीवरून पाणी ओघळतंय.

आकारामला बोलावणं गेलं. तो सकाळी आला, पाण्याचं तबक साफ केलं, नळ्या पुसल्या, तासभर मशिन चालवून बघितलं. वारं अगदी थंडगार. दुपारनंतर पुन्हा तेच रडगाणं. आकाराम म्हणाला, विजेचा दाब कमी पडत असंल. मग म्हणाला, गॅस कमी झाला असंल. दोन्ही अंदाज चुकले.

तवनाप्पाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हा येतो तेव्हा मशिन धडधाकट, हा गेला की आजारी. एका सकाळी आकाराम हत्यारांची पिशवी घेऊन दारातून बाहेर पडत होता, तिथंच त्यानं त्याला अडवलं.

"खरं सांग, गॅस काढून कारखान्यात नेतोस काय?"

समोरच्या ओट्यावर रंगुबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. शेजारचे नानासो दारात आले. आकारामचा चेहरा उतरला.

"अण्णा, तिकडं बसऱ्यात साहेबलोकांनी माझ्यावर आख्खं इस्पितळ सोडलं हुतं. चोर कुणी म्हणलं न्हाई." त्यानं पिशवी उलटी केली. पक्कड, ब्रश, चिंध्या रस्त्यावर पडल्या. "बघा, काय नेतोय ते." सगळं गोळा करून तो चालता झाला.

तो गेला, तरी मशिन काही सुधारलं नाही. मग तवनाप्पाची नजर बायकोकडं वळली. मशिनच्या आवाजानं डोकं उठतं, असं गुणमाला एकदा बोलली होती. त्यानं आडून आडून विचारलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"आता माझी पिशवी बघणार का? आवं, लोकांची पोती फोडून बघता, तसं एकदा सोताच्या घरात बसून बघा की."

टोमणा झोंबला, पण पटला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेठेत निघाला आणि कोपऱ्यावरून मागं फिरला. चपला हातात घेऊन जिना चढला. गारवा जाऊ नये म्हणून आईच्या खोलीचं दार नेहमी लोटलेलं असे. त्यानं फटीला डोळा लावला.

आक्काताई स्टुलावर उभी होती. पाणी गाळायचं जाड फडकं दुहेरी करून ती मशिनच्या तोंडावर, जिथून ते खोलीतली हवा ओढून घेतं तिथं, घट्ट बांधत होती.

"अव्वा!" त्यानं आईला हाक मारली.

म्हातारी दचकली नाही. सावकाश उतरली आणि बोटानं जाळीकडं दाखवलं. जाळीच्या फटीत मेलेली चिलटं अडकली होती.

"बघ. मला गार वाटावं म्हणून किती जीव जातात."

"मग मला सांगायचंस की!"

"काय सांगू? मशिन नको म्हणले असते, तर कुणी शिकवलं तुला, असं इचारलं असतंस. म्हणून तू यायच्या आत रोज फडकं सोडून ठेवत हुते."

तवनाप्पानं हातातल्या चपला खाली ठेवल्या. आई पुढं म्हणाली, "त्या पोराला तू दारात चोर म्हणलास, ते मी हितं बसून ऐकलं. तवापास्नं घास उतरंना. पण मी बी तोंड उघडलं न्हाई. तेवढं पाप माझं."

तवनाप्पा तसाच टांगा करून मिरजेला गेला. आकाराम बर्फाच्या लाद्यांवर भुसा पसरत होता. तवनाप्पा जवळ जाऊन म्हणाला, "गड्या, माझं चुकलं."

आकारामनं हात थांबवले नाहीत. "हितं कोण ऐकतंय, अण्णा? चोर म्हणलासा गल्लीत. चुकलं म्हणायचं ते बी तितंच म्हणा."

दोघं एकाच टांग्यातून आले. दारात उतरल्यावर तवनाप्पानं नानासोंना हाक मारली, रंगुबाईला बोलावलं. त्याचे कान लाल झाले होते.

"ह्या माणसानं माझ्या घरातनं काय बी नेलं न्हाई. मशिनवर फडकं बांधलं जात हुतं, त्यानं वारं अडत हुतं. मी न बघताच बोललो."

"फडकं कुणी बांधलं?" रंगुबाईनं लगेच विचारलं.

तवनाप्पानं नकळत वर बघितलं. तेवढ्यात माडीच्या खिडकीतून आवाज आला, "मी बांधलं! आणि परत बी बांधणार!"

गल्ली हसली. आकारामलाही हसू आवरलं नाही.

वर गेल्यावर आकारामनं जाळीपुढं बसून विचार केला. फडकं काढा म्हटलं तर आक्काताई ऐकणार नव्हती. गुणमाला म्हणाली, "मच्छरदाणीत माणसाला वारं लागतंय की. तसलं कापड घेतलं तर?" मग आकारामनं मशिनच्या तोंडावर बसेल असा बांबूच्या कामट्यांचा घडवंचीएवढा सांगाडा केला आणि गुणमालानं त्यावर मच्छरदाणीचं कापड शिवलं. पहिल्या दिवशी कडेनं चिलटं शिरली, तेव्हा कडा पुन्हा आवळून बसवल्या. मग मात्र ना बर्फ चढला, ना भिंत भिजली. आक्काताईनं जाळी निरखून बघितली आणि पहिल्यांदा निवांत पाठ टेकली.

त्यानंतर दर उन्हाळ्याच्या तोंडाला आकाराम मशिन साफ करायला येई. आक्काताई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे. तो वर काम करत असला की तवनाप्पाला खाली चैन पडत नसे. काही ना काही निमित्त काढून तो जिना चढेच. पावलं ओळखून आकाराम मान वर न करता म्हणे, "या अण्णा, बसा हितं. पक्कड धरा जरा."