फोनवरची विचारपूस

प्रमोदिनी दामले पुण्यात मूल्यशिक्षणाचे तास घ्यायची आणि अगदी जीव ओतून घ्यायची. ऑकलंडला आल्यावर २००४ साली बॉटनी डाउन्स या उपनगराजवळच्या एका हायस्कूलने तिच्या हातात चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या नीतिविचारांचं पाठ्यपुस्तक दिलं, तेव्हा तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आईवडिलांच्या सेवेच्या धड्यावर तिने गृहपाठ दिला: आठवडाभर रोज त्यांची विचारपूस करायची आणि तक्ता भरायचा.

सुजिनने सातही रकाने भरून आणले. ही कोरियन मुलगी शिकायला म्हणून इथे एका गोऱ्या कुटुंबात राहायची. आई तिकडे बुसानला.

"रोज फोन केला, मिस."

"फोन चालत नाही," प्रमोदिनी फटकन म्हणाली. "धड्यात काय लिहिलंय? जवळ बसून, चेहरा बघून विचारायचं." आणि तिने दहापैकी दोन गुण दिले.

ती स्वतः दर रविवारी पुण्याला बाबांना फोन करायची. बाबा म्हणायचे, "ठणठणीत आहे गं मी, कशाला काळजी करतेस?"

जुलैत बाबा गेले. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दोन महिने ते अंथरुणातून उठलेच नव्हते, हे तिला शेजारच्या काकूंकडून कळलं.

परत आल्यावर तिने सुजिनला बोलावून सगळं सांगितलं, "चुकलं माझं. मीही फोनच करत होते, मग तुझे गुण कशाला कापले?" म्हणाली, आणि तक्त्यावरच्या दोनावर काट मारून दहा लिहिले.

सुजिनने तक्ता हळूच तिच्याकडे परत सरकवला.

"नको, मिस. दोनच राहू द्या. माझी आईपण रोज ठणठणीतच असते."