अर्ध्या प्रश्नावरचं बटण

पहिल्या ग्रुप डिस्कशनमध्ये मी एक शब्दही बोलले नाही. दुसऱ्यात ‘आय अ‍ॅग्री’ म्हणाले, पण ते शेजारच्या मुलीच्या आवाजात बुडालं. तिसऱ्यात तोंड उघडलं आणि वेळ संपली. वाघोलीच्या आमच्या कॉलेजात आठ-दहा जणांना टेबलाभोवती बसवून चर्चा करायला लावतात आणि त्यावरून नोकरीसाठी मुलं निवडतात. तिन्ही वेळा मला विषय येत होता. पण मी वाक्य मनात पूर्ण करते, तपासते आणि मगच बोलते. तोवर ते दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलेलं असतं. मी नुसती बघत बसते. डोळ्यांत बघायला संकोच वाटतो, म्हणून बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते.

घरी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मात्र मी सगळ्यांच्या आधी पुटपुटायचे. त्यामुळे त्या कार्यक्रमात माझं नाव बाबांनी परस्पर नोंदवलं. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा ‘नाही’ माझ्या ओठांवर आलं होतं. मग वाटलं, तिथेही गप्प बसले तर चौथ्या चर्चेतही गप्पच बसेन. जायचं ठरवलं.

बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी बुधवार पेठेतून दारावरच्या बेलची दोन बटणं आणली आणि वायर जोडून एका पोळपाटावर बसवली.

“आता पोळ्या बटण दाबून लाटू का?” आईने विचारलं.

“जुनाच घेतलाय.”

“जुना नाही, माझा घेतलाय.”

रोज संध्याकाळी बाबा आणि मी समोरासमोर बसायचो. आई पुस्तकातले प्रश्न वाचायची. माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं. मराठी प्रश्न संपेपर्यंत थांबायचं, मनात इंग्रजी करायचं, उत्तर शोधायचं, मराठीत आणायचं. एवढ्यात बाबांची बेल वाजलेली असायची.

“तुम्हाला येत होतं उत्तर?”

“नव्हतं. दाबल्यावर पाच सेकंद मिळतात ना? त्यात आठवायचं.”

“आणि नाही आठवलं तर?”

“अगं, बटण दाबायचंय, सातबाऱ्यावर सही नाही करायची.”

तीन आठवड्यांत मी अर्ध्या प्रश्नावर दाबायला शिकले.

कार्यक्रमाचा सेट शहराबाहेरच्या एका गोदामात होता. पहिल्या फेरीत दोघं समोरासमोर. तीन गुण आधी मिळवेल तो मुख्य खेळात जाणार. उत्तर चुकलं तर गुण समोरच्याला. माझ्यासमोर पेठेतले एक निवृत्त मास्तर होते, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. माझे दोन गुण झाले, त्यांचा एक.

निवेदक वाचू लागला, “गोदावरी नदीचा उगम...”

मी बटण दाबलं. “त्र्यंबकेश्वर.”

निवेदक हसला आणि त्याने पुढचं वाचलं, “...त्र्यंबकेश्वरला होतो, तर कृष्णेचा कुठे होतो?”

प्रेक्षकांत हशा पिकला. गुण मास्तरांना गेला. दोन-दोन.

“अहो ताई,” मास्तर म्हणाले, “त्यांचं वाक्य तरी संपू द्यायचं. लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेत.”

माझे कान तापले. कॅमेऱ्याची काहीतरी अडचण निघाली म्हणून दोन मिनिटं खेळ थांबला. बाबा तिसऱ्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. यापुढे पूर्ण प्रश्न ऐकायचा, असं ठरवून टाकलं. मग मास्तरांच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांची बोटं बटणावर अलगद टेकलेली होती. ती काही माझं ऐकून होण्याची वाट बघणार नव्हती. पूर्ण प्रश्न ऐकणं म्हणजे तेच जुनं टेबल, तीच मी. मीही तळवा बटणावर ठेवला.

“महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू,” निवेदक म्हणाला, “तर राज्य...”

मी दाबलं.

तो थांबला. सेकंद मोजणारा काटा सरकू लागला. राज्य काय? वृक्ष, फूल, पक्षी, फुलपाखरू, काहीही असू शकत होतं. पण मी ओठांकडे बघत होते. पुढच्या शब्दासाठी त्याचे ओठ मिटले होते. वृक्षाला ते असे मिटले नसते. फुलाला किंवा फुलपाखराला त्यांचा चंबू झाला असता. ते सरळ, सपाट मिटले होते. पक्षी. निदान मला तसं वाटलं. शाळेच्या पुस्तकातलं ‘ग्रीन पिजन’ डोक्यात आलं आणि तिथेच अडकलं. दोन सेकंद उरले. पोळपाटावरची बेल, आईचा वाचतानाचा आवाज...

“हरियल.”

निवेदकाने हातातल्या कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “राज्यपक्षी कोणता, असा प्रश्न होता. उत्तर बरोबर आहे.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “आता तर शब्दसुद्धा संपू देत नाही ही मुलगी,” ते म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले.

मुख्य खेळात मी चौथ्याच प्रश्नाला बाद झाले. बक्षिसाचा मिक्सर घेऊन घरी आले. आई म्हणाली, “चला, पोळपाट वसूल झाला.”

चौथं ग्रुप डिस्कशन येत्या गुरुवारी आहे. विषय तिथेच कळेल. वाक्य कसं संपवायचं तेही तिथेच बघेन. पण पहिलं मीच बोलणार आहे.