नागपूरला राहायचं म्हणून

माझ्या बायकोच्या मावशींइतक्या जिद्दीनं अमेरिकेचं नागरिकत्व मिळवायला आजवर कोणी निघालं नसेल, आणि ते मिळवून इथून निघून जाण्याचा बेत इतक्या उघडपणे कोणी सांगितलाही नसेल. ‘मला अमेरिकन व्हायचंय,’ त्या भेटेल त्याला सांगत, ‘म्हणजे मग नागपूरला निवांत राहता येईल.’ ऐकणारा हसायचा, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मावशी इथे पिस्कॅटवे गावात लेकीकडे ग्रीन कार्डावर राहत. कार्डवाला देशाबाहेर फार काळ राहिला की कार्ड धोक्यात येतं. मागे सगळ्यांत थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माईंच्या, मोतीबिंदूसाठी त्या नागपुरात बरेच महिने राहिल्या, तर परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं, ‘तुम्ही नक्की राहता कुठे?’ आता त्याच माईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिकडे माई एकट्या, इकडे लेक आणि नात. दोन्ही सुटेनात. नागरिक झालं की हवं तितकं राहा, कोणी विचारत नाही. मावशींनी पदर खोचला.

मावशी नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नागरिकत्वाच्या परीक्षेला स्वतः बसायचं असतं हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं, पण सवयीनं त्यांनी आख्ख्या पिस्कॅटवेलाच परीक्षेला बसवलं. भाजीच्या दुकानातला गुजराती पोरगा भेंडी तोलता तोलता संविधानातल्या दुरुस्त्या किती ते सांगू लागला. मंडळाच्या गणपतीत एका निवृत्त डॉक्टरांना त्यांनी प्रसादाच्या रांगेत गाठून ‘कायदे कोण करतं?’ असं विचारलं, तेव्हा डॉक्टर शिरा न घेताच पार्किंगकडे गेले. नात म्हणाली, ‘आजी, नोबडी नोज धिस स्टफ.’ मावशी म्हणाल्या, ‘म्हणूनच तुमचं असं झालंय, बाप्पा.’ मी तर हक्काचा विद्यार्थी, कारण मी इथला नागरिक होऊन बरीच वर्षं झाली होती आणि जावई असल्यामुळे मला पळता येत नव्हतं.

‘जावईबापू, सेनेटर किती वर्षांसाठी निवडतात?’

‘चार?’

‘सहा. तुम्हांला नागरिक केलं कोणी?’



बोटांचे ठसे द्यायला त्यांना मीच घेऊन गेलो. यंत्राला एकही ठसा धड उमटलेला दिसेना. तिथल्या बाईंनी बोटं पुसली, ओली केली, पुन्हा दाबली. ‘उगाच कष्ट घेऊ नका,’ मावशींनी त्यांना शांतपणे इंग्रजीत सांगितलं, ‘जन्मभर तव्यावरच्या पोळ्या हातानं उलटल्यात. ठसे तिकडेच गेले.’ त्याआधी आमच्या घरी बसून अर्जही मीच भरला होता. त्यातले दारूचे, जुगाराचे, तुरुंगवासाचे प्रश्न वाचताना मीच लाजत होतो. मावशी मात्र प्रत्येक ‘नाही’ खणखणीत म्हणत होत्या. मध्येच त्या थांबल्या. ‘इतकी चौकशी मला बघायला आलेल्यांनी केली असती ना,’ त्या म्हणाल्या, ‘तर आमच्याकडच्यांनीही त्यांची केली असती.’

मग अर्जात विचारलं होतं, याआधी दुसरं कुठलं नाव होतं का? मी ‘नाही’ म्हणणार तोच मावशी म्हणाल्या, ‘कुमुद.’ बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्हां सगळ्यांना मावशी माहीत होत्या त्या वसुधा म्हणून. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि कुमुद संपली. पुढचा प्रश्न होता, नाव बदलायचं आहे का? मावशींनी तो मला दोनदा वाचायला लावला. ‘तेव्हा कोणी विचारलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘लिहा. कुमुद.’ त्या नावानं हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते नागपुरात खाटेवर होतं.

मुलाखतीला मी बाहेर बसलो. आतून मावशी आल्या त्या शाळा तपासणी आटोपल्यासारख्या. सगळी उत्तरं बरोबर. एका उत्तरावर त्यांनी अधिकाऱ्याला थोडी जादा माहितीही दिली होती. मग तोही बाहेर आला आणि त्यानं सांगितलं, शपथविधी आज दुपारीच आहे. पण नाव बदलायचं तर ते न्यायाधीशांसमोर, त्याची तारीख नंतर कळेल.

‘नंतर म्हणजे कधी?’ मावशींनी विचारलं.

‘काही महिने लागू शकतात.’

मावशी खुर्चीत बसल्या. त्या दमल्या असतील असं वाटून त्या भल्या माणसानं पाणी विचारलं. ‘पाणी नको,’ मावशी म्हणाल्या, ‘नावही राहू द्या.’

हे ऐकून मीच हबकलो. पिशवीत एक भेंडी जून निघाली तर परत जाऊन ती बदलून आणणारी ही बाई. मी म्हटलं, ‘मावशी, एवढं थांबलात, अजून थोडं थांबला असतात.’

‘मी थांबेन हो. माईचं हाड थांबेल का?’ त्यांनी पर्स मिटली. ‘आणि ती काय जजला विचारून हाक मारते मला?’

दुपारी त्यांनी शपथ इतक्या मोठ्यानं घेतली की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मग नवा पासपोर्ट आला, आणि आता भारताच्या लेखी परदेशी ठरल्यामुळे नागपूरला जायला भारताकडूनच परवानगीचं कार्ड काढावं लागलं. परवानगी येताच त्या गेल्या. परतीचं तिकीट काढलं नाही.

आता रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. परवाही आला. ‘जावईबापू, तिकडे आपल्या भागात निवडणूक आहे म्हणे. उमेदवार कोण कोण?’ मी चाचपडत होतो. तेवढ्यात त्यांच्या मागून एक थरथरता आवाज आला, ‘कुमे, चहा निवतोय गं.’ आणि आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या मावशी, माझं उत्तर अर्धवट सोडून, ‘आले माई’ म्हणत लहान मुलीसारख्या उठल्या. फोन तसाच कॉटवर उताणा पडला. मी कॉल बंद केला नाही. नागपूरचा पंखा फिरताना बघत राहिलो.