मांडवातलं उलट उत्तर

कौसाबाई दिवसा मोरिवलीच्या कारखान्यात खोकी भरतात. लग्नसराईत मात्र बदलापूर गावातले यजमान त्यांना न्यायला दारात गाडी उभी करतात, कारण त्या धवलारीण आहेत. मांडवात धवले गाऊन देवांना लग्नाचं आवतण देणाऱ्या. चाळीसेक धवले त्यांना येतात, एकही कागदावर नाही. आपल्यामागे ते कोण म्हणणार, हा घोर त्यांना आहे.

लेक जिज्ञासा अकरावीत.

"शीक गो दोन तरी."

"मना नको त्यात ओढू, आये."

मग कानात इअरफोन. कौसाबाई तांदूळ निवडता निवडता धवले गुणगुणायच्या, आणि ही समोर बसून मोबाईलमध्ये. 'मोबाईल ठेव' म्हटलं की, "तू रील बघतेस तेव्हा मी बोलते काय?"

या वैशाखात गावातल्या कमलेशच्या मुलीची हळद होती. मांडव नुसता पिवळा झाला होता, लहान पोरं हळदीच्या हातांनी एकमेकांच्या मागे पळत होती.

"वयनी, जरा आटपा," कमलेश घाईला आला होता. "दहाला डीजे बंद करावा लागतो."

कौसाबाईंनी धवला छाटला. कमलेशचं मूळ गाव बारवी धरणात गेलं. तिथल्या गावदेवीची कडी त्यांनी गाळली आणि थेट पुढच्या देवावर गेल्या. कोणाला कळणार होतं?

"आये, पाण्यातली देवी राहिली!"

गाणं थांबलं. जिज्ञासा बायकांच्या मागे उभी होती.

"आईला मांडवात शिकवते?" मागून साथ देणाऱ्या बायकांतली सखूआत्या कडाडली. "जीभ बघा पोरीची!"

"आयच बोलते ना, एक देव रुसला तरी लग्न रुसतं?" जिज्ञासाचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तुम्ही सांगता ते आम्ही खरं मानायचं, आणि तुम्हीच मोडलं तर गप बसायचं काय?"

कौसाबाईंचे कान तापले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती कडी कुठे येते, हे मांडवात त्यांच्याशिवाय फक्त हिलाच ठाऊक होतं. म्हणजे त्या इअरफोनमध्ये नेहमीच गाणं नसायचं.

"म्हण मग."

"मी चूक सांगितली. गाते बोलले नाय."

"तोंड उघडलंस ना? आता मिटायचं नाय. म्हण!"

जिज्ञासा म्हणाली. पट्टी फार वर आणि चाल भलतीच भरभर, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. देवीला पाण्यातून वर बोलावलं, तिची हळद वेगळी काढायला सांगितली. सखूआत्याच पहिली मागून ओळ झेलायला लागली. कमलेश डीजेवाल्याला हात करून थांबवत होता.

आजवर कौसाबाई पुढे म्हणायच्या आणि बायका मागून झेलायच्या. आज त्या बायकांत सरकून बसल्या. ऊर इतका भरून आला होता की त्यांची ओळ मागे पडली.

लेकीने गाता गाताच वळून डोळे वटारले. "आये, खेचू नको गो!"

"हो, हो," म्हणत कौसाबाईंनी पदर खोचला आणि तिच्या चालीत आवाज मिसळला.